धुराड्यावरची काच

ठकीच्या नाकाच्या शेंड्यावर सदा राग बसलेला असायचा, आणि त्याचं तिला वाईट वाटायचं सोडून कौतुकच वाटायचं. "मी ओरडते म्हणून लोकांच्या भिंती सरळ राहतात," असं ती चारचौघांत सांगायची. ठकी हे अर्थात घरातलं नाव. बाहेर ती नावाजलेली आर्किटेक्ट. बंद पडलेले कारखाने न पाडता त्यांतच घरं, दुकानं, शाळा बसवायच्या, हे तिचं काम. तिथे सगळे मॅडम मॅडम करत तिच्या मागे फिरायचे. तिला तोंडावर ठकी म्हणायची छाती एकट्या मामाची, कारण वडील गेल्यावर त्यानेच तिला लहानाची मोठी केली होती. स्वतः लग्न केलं नाही, भाचीलाच पोर मानलं. आता म्हातारपणी तो तिच्याकडेच राहत होता आणि तिच्याच कामांवर देखरेख करत होता.

त्या दिवशी सकाळी ठकीने चहाचा कप उचलला तर कान हातात आला आणि कप मांडीवर. चहा कढत होता. मांडी चोळत तिने तो कान डोळ्यांसमोर धरला, तर टोकाला वाळलेला गोंद.

"हा कोणी चिकटवला?"

तिची पाच वर्षांची मुलगी छकुली टेबलाखाली बूट शोधायला लागली. बूट तिच्या पायातच होते. मामाने वर्तमानपत्र जरा वर उचललं. छकुलीचे वडील जहाजावर नोकरीला, ते वर्षातले आठ महिने पाण्यात, त्यामुळे त्यांच्यावर संशय घ्यायची सोय नव्हती.

"या घरात एक वस्तू धड राहत नाही आणि एक माणूस खरं बोलत नाही!" ठकी कडाडली आणि साडी बदलायला आत गेली.

साडी चांगली नेसायचं कारण होतं. दुपारी कार्यक्रम होता. गावाच्या कडेला साबणाचा एक जुना कारखाना होता, कित्येक वर्षं बंद. मालकांना तो भुईसपाट करून तिथे उंच इमारती उठवायच्या होत्या. ठकी त्यांच्या मागे हात धुऊन लागली आणि तो वाचवला. साबण वाळवायच्या लांब शेडमध्ये आता घरं झाली होती, गोदामात वाचनालय, आणि बॉयलरच्या खोलीत बालवाडी. त्या बालवाडीला आज वर्ष होत होतं. छकुलीही तिथेच जायची.

आणि बालवाडीच्या दारासमोर धुराडं. लाल विटांचं, मान मोडेस्तोवर वर बघावं लागेल एवढं उंच. त्यावरून मालकांचं आणि ठकीचं जुंपलं होतं. मालक म्हणत होते, बाई, भट्टी गेली, धूर गेला, आता त्या धुराड्याची पूजा करायची का? ठकी म्हणाली, "धुराडं गेलं तर उरलं काय? चार भिंती तर कोणीही बांधतो." शेवटी तीच जिंकली. धुराड्याभोवती तिने हिरवळ लावली. बालवाडीची समोरची भिंत काढून तिथे जमिनीपासून छतापर्यंत काच बसवली, म्हणजे दुपारी आडवी झालेली पोरं झोप लागेपर्यंत धुराड्याचं टोक शोधत बसतील. मासिकांत फोटो आले. ठकी हवेत होती.

धुराड्याला एकच खोड होती. बुंध्याशी एक जुनी भेग होती, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंत चढत गेलेली. जुन्या बांधकामात भेगा असायच्याच. प्रश्न एवढाच, की भेग मेलेली आहे की जिवंत, म्हणजे होती तेवढीच आहे की अजून वाढतेय. ते ओळखायची एक साधी रीत आहे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवायची आणि दोन्ही टोकं प्लॅस्टरने भिंतीला घट्ट चिकटवून टाकायची. भिंत हलली तर काच तडकते. डोळ्याला दिसण्याच्या कितीतरी आधी काचेला कळतं. ठकीच्या इंजिनिअरने अशा पट्ट्या भेगेवर वरपासून खालपर्यंत लावून घेतल्या होत्या. हा इंजिनिअर उंच, किडकिडीत आणि चालताना भिंतीचा उभेपणा तपासायच्या ओळंब्यासारखा जरासा लोंबकळणारा, म्हणून कामावरच्या गवंड्यांनी त्याचं नाव ओळंबेसाहेब ठेवलं होतं. ते त्यालाही माहीत होतं.

काम चालू असताना परांचीचा एक बांबू निसटला आणि सगळ्यात खालची काच फुटली. ठकीने आकाशपाताळ एक केलं. देखरेख मामाची, म्हणून मामा समोर उभा. गवंडी, सुतार, रंगारी, सगळ्यांच्या देखत ती त्याच्या अंगावर ओरडली, "पुन्हा ही काच मला फुटलेली दिसली ना, तर उद्यापासून घरी बसायचं!"

मामा दोन दिवस खाली मान घालून जेवला. मग पुढे काच कधी फुटलेली दिसली नाही. ओळंबेसाहेब अधूनमधून यायचे, वाकून बघायचे, सगळ्या काचा शाबूत. "मेलेली आहे भेग," असं त्यांनी सांगून टाकलं, आणि बालवाडी सुरू झाली.

तर त्या दिवशी पाहुणे दुपारी यायचे होते म्हणून ठकी लवकरच येऊन पोचली. आत तीसेक पोरं गाण्याची तयारी करत होती. काचेतून छकुलीची लाल रिबीन दिसत होती. माळ्याने हिरवळीला नुकतंच पाणी घातलं होतं आणि चपला पचपच करत होत्या. ठकी सहज, अगदी सहज, धुराड्यापाशी वाकली.

वरच्या पट्ट्या धुळीने आंधळ्या झाल्या होत्या. एकीवर रंगाऱ्याच्या ब्रशचे शिंतोडे, एकीच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. खालची मात्र लखलखीत. नव्या चष्म्यासारखी. तिने टोकाच्या प्लॅस्टरला बोट लावलं. ते गार होतं आणि बोटाला ओलसर लागलं.

तिने वरच्या पट्टीच्या प्लॅस्टरलाही बोट लावलं. ते ठणठणीत कोरडं होतं.

"मामा!"

मामा फुलांच्या कुंड्या ओळीत लावत होता, तो हात पुसत आला. तिचा चेहरा बघून त्याचाही उतरला.

"ही काच नवी आहे?"

"नवी म्हणजे… हो. काल सकाळीच बसवली. पाहुणे येणार, म्हटलं बरं नाही दिसत."

"आधीची कुठे गेली?"

"तडकली होती."

"कशाने? कोणी धक्का दिला?"

"कोणी कशाला देतंय. आपोआप." मामाला वाटलं आता आपली बाजू नीट मांडावी. "तू काळजी करू नकोस गं, मी फुटकी एक दिवस ठेवली नाही. लगेच बदलतो. आधी सणासारखी दोन-तीन महिन्यांनी एकदा जायची, मग महिन्याने जायला लागली. हल्ली तर फारच लवकर लवकर फुटते. काचच हलकी येते ना आता!"

मामा अजून काचेच्या दुकानदाराला शिव्या देत होता आणि ठकीला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. वर्षभर ते धुराडं ओरडून सांगत होतं, मी हलतंय, मी हलतंय, आणि प्रत्येक वेळी या भल्या माणसाने त्याचं तोंड पुसून नवी काच लावली होती. का, तर ठकीला फुटलेली दिसू नये म्हणून.

तिने मान वर केली. ढग सरकत होते, त्यामुळे धुराडं आपल्या अंगावर येतंय असं वाटत होतं. तसं ते नेहमीच वाटतं, तिने स्वतःला बजावलं. उगीच घाबरू नकोस. ओळंबेसाहेबांना बोलव, त्यांना बघू दे. एवढे पाहुणे येणार, मालक येणार, नुसत्या ओल्या प्लॅस्टरवरून पोरांना बाहेर काढलंस तर जन्मभर हसतील. तिने पुन्हा खाली काचेकडे पाहिलं.

टक्.

नख मोडल्यासारखा आवाज. काल बसवलेल्या त्या लखलखीत पट्टीवरून केसासारखी एक रेघ या टोकाकडून त्या टोकाकडे गेली. कोणी हात लावला नव्हता. दोघंच उभे होते आणि दोघांनीही ते ऐकलं.

"बघ, पुन्हा!" मामा म्हणाला. मग त्याने ठकीकडे पाहिलं आणि त्याला ते एकदम कळलं. तो मटकन ओल्या हिरवळीवर बसला.

ठकीच्या घशात किंकाळी आली होती. सवयच ती. पण तोंड उघडता उघडता तिची नजर बालवाडीच्या दाराकडे गेली. त्या खोलीला दार एकच, आणि ते तिनेच हौसेने धुराड्याच्या पुढ्यात काढलेलं. आपण ओरडलो, की तीस पोरं त्या दारातून धावत सुटणार, थेट याच्या पायाशी. तिने किंकाळी गिळली. कशी गिळली ते तिचं तिला माहीत.

"मामा, ऊठ," ती म्हणाली. "कोळशाची खिडकी."

बॉयलरच्या खोलीच्या मागच्या भिंतीत पूर्वी कोळसा आत ओतायचं एक भगदाड होतं. ठकीने ते बुजवलं नव्हतं, तिथे लाकडी फळी बसवून पोरांना चित्रांची पुस्तकं ठेवायला कोनाडा केला होता. फळीपलीकडे मागची गल्ली. बस, तेवढीच एक वाट.

आत शिरताना डोक्यावर धुराडं उभं आहे हे तिच्या मानेच्या मागच्या कातडीला कळत होतं. दोन पावलांची वाट, पण जीव मुठीत धरून चालावी लागली. आत पोरं टाळ्या वाजवून गात होती. बालवाडीच्या बाई हसत पुढे आल्या.

"या मॅडम! ऐका आमचं गाणं."

"बाई," ठकी अगदी हळू म्हणाली, "पोरांना मागच्या कोपऱ्यात घ्या. समोरच्या दाराकडे एकालाही जाऊ देऊ नका. गाणं चालू राहू दे."

बाईंनी या मॅडमना कधी हळू बोलताना ऐकलंच नव्हतं. त्या आवाजानेच त्यांचं धाबं दणाणलं. त्या टाळ्या वाजवतच पोरांना मागे न्यायला लागल्या.

मामाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर कायम असायचा. तो फळीपाशी गुडघे टेकून बसला, पण स्क्रूची खाच त्याला सापडेना. एकदा टोक घसरलं, दोनदा घसरलं. तो डाव्या हाताच्या बोटाने चाचपत होता आणि उजवा भलतीकडेच जात होता. 'दे इकडे, आंधळा आहेस का!' हे शब्द ठकीच्या जिभेवर आले. मागे पोरं होती. तिने त्याच्या हातावर हात ठेवला, स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि स्वतः लागली. तिला स्क्रू दिसत तरी होते.

फळी सुटली. गल्लीतला उजेड आत आला.

"चला," बाई पोरांना म्हणाल्या, आणि त्या बाईला खरंच शाबासकी द्यायला हवी, कारण ओठ पांढरे पडले असताना ती हसत होती. "आज आपण सगळे कोळसे. कोळसा इथून आत यायचा, आपण इथून बाहेर पडायचं. कोण पहिला कोळसा?"

सगळ्यांनाच पहिला कोळसा व्हायचं होतं. मामा बाहेर उतरला आणि एकेकाला काखेत हात घालून घेऊ लागला. ठकी आतून देत होती. पोरं जड असतात, आणि घाबरलेल्या माणसाला तर फार जड लागतात. एकाचा बूट अडकला. एकीला शी लागली होती. एक गृहस्थ आपली पाण्याची बाटली घेतल्याशिवाय यायला तयार नव्हते. ठकीचे कान मागे, काचेच्या भिंतीकडे. माती पडल्याचा आवाज आला का? नाही. आला का? तिने वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर ती ओरडलीच असती.

छकुलीची पाळी आली तेव्हा ती आईच्या तोंडाकडे निरखून बघत उभी राहिली.

"आई, तू रागावलीयस?"

"नाही गं राजा."

"मग इतकं हळू का बोलतेस?"

ठकीने लेकीला उचललं आणि मामाच्या हातात दिलं.

सगळी पोरं गल्लीच्या टोकाला, मोठ्या रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पायऱ्यांवर बसली, मोजून झाली, पुन्हा मोजून झाली, आणि धुराडं आपलं जागच्या जागी उभं. ऊन पडलेलं, वर एक कावळा बसलेला. आसपासच्या घरांतल्या लोकांनाही ठकीने घाईघाईने बाहेर काढलं होतं, ते आता तिच्याकडे बघून कुजबुजत होते. मालकांचा फोन आला. "अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? पाहुणे निघालेत! तुम्हीच भांडून ठेवलंत ना ते?" ठकी नुसती हो म्हणाली. तिला एकीकडे वाटत होतं, देवा, माझी फजिती होऊ दे, जन्मभर हसू देत सगळे, पण ते उभं राहू दे.

ओळंबेसाहेब आले. त्यांनी रस्त्याच्या पलीकडूनच तिवईवर दुर्बीण लावली. एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी रुमाल काढून मान पुसली.

"मॅडम, हा रस्ताही बंद करायला सांगा. आणि ही मुलं अजून लांब न्या."

मग पोलीस आले, दोऱ्या बांधल्या गेल्या, रस्ता बंद झाला. धुराडं का हललं ते ओळंबेसाहेबांनी तिथेच सांगितलं. जुन्या काळी धुराड्याच्या पायाभोवती भट्टीतल्या राखेचाच भराव घातलेला होता. कोरडा होता तोवर दगडासारखा राहिला. वर्षभर त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी पडत होतं. हिरवळीचं.

दुसऱ्या दिवशी, वरून एकेक वीट उतरवणारी माणसं येऊन पोचायच्या आत, भर दुपारी ते पडलं. आधी जरासं खाली बसल्यासारखं झालं, मग बालवाडीकडे वळलं, आणि कोणाला ओरडायलाही सुचायच्या आत तिच्या छपरावर आडवं झालं. काचेची भिंत, पोरांच्या सतरंज्या, पुस्तकांचा कोनाडा, सगळं विटांखाली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. धूळ खाली बसली तेव्हा त्या धुळीला साबणाचा वास येत होता.

मग काय विचारता, ठकीची वाहवा सुरू झाली. कालपर्यंत कुजबुजणारे लोक तिचे हात हातात घ्यायला लागले. एका आईने तर रस्त्यातच तिच्या पायाला हात लावला. ठकी घरी आली आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून बसली. प्लॅस्टर सुकलेलं असतं तर? मामाने ती काच आणखी दोन दिवस आधी बसवली असती तर? तिला काही म्हणजे काही कळलं नसतं. ती पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत असती.

बाहेर आली तर मामा आपल्या खोलीत पिशवी भरत होता. दोन सदरे, दाढीचं सामान, चपलांचा जुना जोड.

"कुठे निघालास?"

"धाकट्या बहिणीकडे जातो. तू म्हणाली होतीस ना, घरी बसायचं. हे घर तुझं." तो तिच्याकडे बघत नव्हता. "एवढी पोरं होती गं आत. आपली छकुली होती. मला रात्रभर तेच दिसतंय."

"मला सांगितलं का नाहीस मामा? काच फुटते म्हणून एकदा तरी?"

"भीती वाटली."

"धुराड्याची?"

"त्याची कशाला? मला काय ठाऊक ते हलतंय." मामा पिशवीची चेन लावायला बघत होता, ती लागत नव्हती. "तुझी."

काल त्या दाराशी ठकीला वाटली होती तीच भीती आता परत आली होती, आणि इथे मागची गल्ली नव्हती. तिने पिशवी त्याच्या हातातून घेतली, त्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात आणलं आणि टेबलाशी बसवलं. छकुली तिथे रंगीत खडूने धुराडं काढत होती. उभं. ठकी दोघांच्या समोर बसली.

"आणखी काय सांगितलं नाहीस?"

मामाने टेबलावरचा एक डाग नखाने खरवडला.

"चिडणार नाहीस ना?"

"नाही."

"डाव्या डोळ्याने दिसत नाही मला. बरेच महिने झाले. उजव्याचंही जरा धुरकटच आहे." तो भराभर बोलायला लागला, थांबलो तर पुढचं बोलवणार नाही असा. "तुला कळलं तर कामावरून काढशील वाटलं. म्हणून ती भेग… मी काच बदलायचो, पण भेग रुंद झालीय का हे मला दिसतच नव्हतं गं ठके. बोटाने चाचपून लावायचो."

ठकीने दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले. 'आंधळा आहेस का' हे शब्द तिच्या तोंडून निघाले नव्हते, याबद्दल तिने मनोमन देवाला हात जोडले.

छकुलीने खडू खाली ठेवला. तिने आपल्या मामाआजोबांकडे पाहिलं, मग आईकडे. आई ओरडत नव्हती.

"कप मी फोडला," ती म्हणाली. "आजोबांनी गोंद दिला."

"बरं," ठकी म्हणाली. आवाज जितका खाली आणता येईल तितका तिने आणला. "अजून काही?"

म्हातारा आणि पोर, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मामाने हळूच मान खाली घातली. छकुली खुर्चीवरून उतरली, आईच्या हाताच्या अंतरावर येऊन थांबली आणि तिने विचारलं,

"सगळं सांगायचं?"